पालखीतला खंड्या, विमानातला मोती

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम होतो, ते संगम माहुली. थोरल्या शाहू महाराजांची समाधी तिथं आहे, आणि तिथंच एका कुत्र्याचीही समाधी दाखवतात. त्या कुत्र्याचं नाव खंड्या. शिकारीच्या वेळी वाघ चालून आला आणि खंड्यामुळे महाराजांचा जीव वाचला, अशी हकीकत आहे. महाराज ते उपकार विसरले नाहीत. त्यांनी खंड्याच्या नावे जहागीर लावून दिली आणि त्याला पालखीचा मान दिला. ग्रँट डफ या इंग्रज इतिहासकारानं याची नोंद केली आहे. त्याला ही राजाची लहर वाटली. पण खंड्याच्या पालखीचा सरंजाम खरोखरच ठेवला जात होता, हेही त्यानं लिहून ठेवलं.

श्रोतेहो, आज खंड्याची आठवण काढायचं कारण असं की, माणसाच्या वाहनात कुत्र्यानं बसावं की नाही, हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका नवा नाही. खंड्या पालखीत बसला तेव्हा दरबारातल्या एखाद्या मानकऱ्यानं मनातल्या मनात नाक मुरडलं असेलच. आज पालखीच्या जागी विमान आलं आहे, एवढाच काय तो फरक.

मागच्या वर्षी मी मुंबईहून विमानानं निघालो होतो. माझ्या पुढच्या रांगेत एक मुलगी आपलं मांजर घेऊन बसली होती. जाळीची मऊ पिशवी, आत मांजर, आणि पिशवी पुढच्या आसनाखाली. शेजारचे गृहस्थ अस्वस्थ झाले. ते म्हणाले, "हे काय, मांजरासाठी का तिकीट काढलंय आम्ही?" मुलगी म्हणाली, "काका, तिचंही भाडं भरलंय." पलीकडून एक आजी म्हणाल्या, "अहो, लहान मुलं याहून जास्त ओरडतात." सगळे हसले आणि तो विषय तिथंच संपला. माझ्या डोक्यात मात्र तो राहिला. त्या गृहस्थांची तक्रार खोटी नव्हती आणि त्या मुलीचं म्हणणंही खोटं नव्हतं. मग हा गुंता झाला कुठून, म्हणून मी जरा मागं जाऊन पाहिलं. जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगतो.

माणसाच्या आधी प्राणी उडाले, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. १९ सप्टेंबर १७८३ या दिवशी फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यासमोर माँगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा फुगा सोडला. त्याखाली टांगलेल्या पिंजऱ्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा होता. सोळावा लुई आणि राणी मारी आँत्वानेत पाहायला होते. वरची हवा श्वास घेण्याजोगी आहे की नाही, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. माणूस पाठवण्याआधी प्राणी पाठवून पाहू, असा विचार झाला. सुमारे आठ मिनिटांत आणि तीन-साडेतीन किलोमीटर अंतर कापून फुगा रानात उतरला. तिघंही जिवंत होते. कोंबड्याच्या पंखाला इजा झालेली दिसली, तेव्हा वरच्या हवेनं झाली की काय अशी चर्चा सुरू झाली; पण उडण्याआधी मेंढीनं त्याला लाथ मारली होती, असा उलगडा पुढं झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला, पहिली दोन माणसं मोकळ्या फुग्यातून उडाली.

म्हणजे हवेतले पहिले उतारू माणसं नव्हती. पण त्या मेंढीला कुणी उतारू म्हटलं नाही. ती प्रयोगाचं साधन होती, आणि आपल्या सगळ्या गोष्टीची मेख इथंच आहे. प्राणी वाहनात कुठं बसणार, हे त्याच्यावर आपला जीव किती आहे यावर ठरत नाही. आपल्या वहीत त्याची नोंद कोणत्या रकान्यात केली आहे, त्यावर ते ठरतं. माल, सामान आणि प्रवासी असे तीन रकाने. गेली शंभर-सव्वाशे वर्षं बिचारा प्राणी या तीन रकान्यांत इकडून तिकडं फिरतो आहे.

विमान आलं आणि सुरुवातीला प्राण्यांची गंमतच झाली. इंग्रजीत अशक्य गोष्टीला 'डुकरं उडतील तेव्हा' असं म्हणतात. नोव्हेंबर १९०९ मध्ये मूर-ब्रॅबझन या इंग्रज वैमानिकानं डुकराचं एक पिल्लू रद्दी टाकायच्या टोपलीत घातलं, टोपली विमानाला बांधली आणि ते उडवून दाखवलं. टोपलीवर पाटीही लावली होती की, उडणारं पहिलं डुक्कर मीच!

पुढच्याच वर्षीची गोष्ट तर नभोवाणीवर सांगायलाच हवी. ऑक्टोबर १९१० मध्ये वॉल्टर वेलमन आपलं 'अमेरिका' नावाचं हवाई जहाज घेऊन अटलांटिक महासागर ओलांडायला निघाला. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या अटलांटिक सिटीहून ते सुटलं. जहाजावर सहा माणसं आणि एक मांजर होतं. जहाज वर गेलं तसं मांजर बिथरलं, ओरडत सैरावैरा धावायला लागलं. यंत्राकडे पाहणारा व्हॅनिमन वैतागला. जहाजावर बिनतारी यंत्र होतं. त्यावरून त्यानं किनाऱ्यावरच्या माणसाला निरोप धाडला, आणि त्याचा मथितार्थ असा की, येऊन हे मेलं मांजर घेऊन जा! हवेतल्या यानातून बिनतारी यंत्रानं पाठवलेल्या अगदी पहिल्या संदेशांपैकी हा एक. म्हणजे खरोखरीची पहिली आकाशवाणी मांजराच्या तक्रारीची होती, असं म्हणायला हरकत नाही. मांजराला पिशवीत घालून खालच्या मोटरबोटीत उतरवायचा प्रयत्नही झाला, पण समुद्र खवळलेला होता, म्हणून पिशवी पुन्हा वर ओढून घेतली. मग मांजर शांत झालं. जहाज महासागर पार करू शकलं नाही. सुमारे तीन दिवसांनी 'ट्रेंट' या आगबोटीनं सगळ्यांना वाचवलं, मांजरासकट. त्याचं नाव 'किडो'. ते पुढं चांगलंच प्रसिद्ध झालं.

केबिनमधल्या प्राण्याचा प्रश्न या एका प्रसंगात सगळा आला आहे, नाही का? एकाला त्याचा त्रास होतो, दुसऱ्याला त्याची सोबत वाटते, आणि मध्येच उतरवून द्यायची सोय नसते!

१९२७ साली चार्ल्स लिंडबर्ग एकट्यानं न्यूयॉर्कहून पॅरिसला उडाला. त्याच्याकडे एक मांजरीचं पिल्लू होतं. ते त्यानं बरोबर नेलं नाही. मांजराचा जीव धोक्यात घालावा असा हा प्रवास नाही, असं त्याचं म्हणणं सांगतात. स्वतःचा जीव मात्र त्यानं घातला. याला मी जबाबदारी म्हणतो. प्राणी बरोबर नेणं हे नेहमीच प्रेमाचं लक्षण नसतं. कधी कधी घरी ठेवणं हेच प्रेमाचं असतं.

तोवर धंदेवाईक विमान वाहतूक सुरू झाली होती. डच कंपनी केएलएमनं १९२४ साली 'निको' नावाचा एक वळू रॉटरडॅमहून पॅरिसला विमानानं नेला. १९३० साली अमेरिकेत 'एल्म फार्म ऑली' नावाची गाय विमानातून नेली, वर तिची धार काढली आणि ते दूध पुड्यांतून हवाई छत्रीनं खाली सोडलं. हा जाहिरातीचा खेळ होता. पण खेळ संपला आणि व्यवहार सुरू झाला तेव्हा प्राणी सरळ मालाच्या रकान्यात गेला. गाय, घोडा, वळू यांना वजन आणि किंमत होती, आणि विम्याच्या कागदावर एवढंच लिहायचं असतं.

आता जरा विमानातून खाली उतरू आणि आपल्या आगगाडीकडे वळू. आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा होता. वडिलांची भुसावळहून मुंबईला बदली झाली, तेव्हा मोतीही निघाला. रेल्वेत कुत्र्याची सोय दोन प्रकारची. पहिल्या वर्गाचा आख्खा कूपे घेतला तर तो मालकाबरोबर येऊ शकतो. नाही तर गार्डाच्या डब्यातला 'डॉग बॉक्स'. आमची ऐपत डॉग बॉक्सची. ठेंगणा लोखंडी कप्पा, जाळीचं दार. मोतीला आत घातलं तेव्हा मी रडलो होतो. पण वडील प्रत्येक मोठ्या स्थानकावर पाण्याचा तांब्या घेऊन उतरत आणि गाडीच्या शेपटापर्यंत धावत जात. मनमाडला गेले, इगतपुरीला गेले, कल्याणला गेले. इगतपुरीला गार्डसाहेब स्वतःच म्हणाले, "अहो, झोपलाय तुमचा मोती. धावू नका, चहा घ्या." दादरला मोती शेपटी हलवत उतरला.

आज वाटतं, मोती सामानाच्या रकान्यात होता खरा, पण त्याच्यावर दोन माणसांची नजर होती. एक धावत येणारा मालक आणि एक डब्यातच बसलेला गार्ड. सामान म्हणून नोंदलेला जीवही सुखरूप पोचतो, पण त्यासाठी कुणीतरी सोबत असावं लागतं.

१९१२ च्या 'टायटॅनिक'ची हकीकत याच्या उलट बाजूनं हेच सांगते. त्या बोटीवर निदान बारा कुत्री होती, असं मानतात. त्यांतली तीन वाचली. तिन्ही इवलीशी, मांडीवर मावणारी, आणि मालकांच्या खोलीत ठेवलेली. बहुतेक मोठी कुत्री वेगळ्या पिंजऱ्यांत होती. बोट बुडायला लागली तेव्हा वाचलेल्यांचे मालक त्यांना जवळ घेऊन होडीत बसले. माणसंच दीड हजार बुडाली, तिथं कुत्र्यांचा हिशेब कोण करणार. पण जवळ असणं आणि लांबच्या पिंजऱ्यात असणं यातला फरक त्या रात्री स्पष्ट दिसला.

आता एक प्रसंग सांगतो, तो आपल्या देशाशी निगडित आहे आणि दुःखद आहे. १९५० च्या दशकात पोलिओवरच्या लसीचं संशोधन जोरात होतं. एप्रिल १९५५ मध्ये जोनास साल्क यांची लस परिणामकारक ठरल्याचं जाहीर झालं आणि जगभरच्या आईबापांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ही लस तयार करायला माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशी लागत. ही माकडं कुठून येत? बहुतेक उत्तर भारतातून. आपली लाल तोंडाची माकडं हजारोंच्या संख्येनं विमानात चढत. पुढं पुढं ही निर्यात वर्षाला लाखाच्या वर गेली. जानेवारी १९५५ मध्ये अशीच माकडं लंडनच्या विमानतळावर उतरली. पुढच्या विमानाची वाट पाहत ती एका बंद गाडीत ठेवली होती. गाडीत हवा खेळत नव्हती. जवळपास चारशे माकडं गुदमरून मेली.

नीट लक्ष द्या. ती विमानात मेली नाहीत. हवेतला हजारो मैलांचा प्रवास त्यांनी सोसला होता. ती मेली जमिनीवर, दोन विमानांच्या मधल्या वेळेत, जेव्हा एकाची जबाबदारी संपली होती आणि दुसऱ्याची सुरू व्हायची होती. भारतात याचे तीव्र पडसाद उमटले. मार्च १९५५ मध्ये सरकारनं निर्यात थांबवली. लसीची निकड पाहून थोड्याच आठवड्यांत ती अटींवर पुन्हा सुरू झाली. शेवटी मोरारजी देसाई यांच्या काळात, एप्रिल १९७८ पासून माकडांची निर्यात कायमची बंद झाली.

त्याच काळात दिल्लीत आणखी एक काम चाललं होतं. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक आणलं. पंडित नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचं आश्वासन दिलं, आणि १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. विनाकारण यातना होतील अशा तऱ्हेनं प्राण्याची ने-आण करणं हा त्या कायद्यानं गुन्हा ठरला. पुढं १९७८ मध्ये प्राण्यांच्या वाहतुकीचे स्वतंत्र नियम आले. त्यांत कुत्र्या-मांजरांचा आणि माकडांचा वेगवेगळा विचार केला आहे. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनंही आपले नियम बांधले. त्यातला मूळ नियम सोपा आहे. पिंजऱ्यात प्राण्याला नीट उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे. माणसाच्या आसनाबद्दलही असा नियम असता तर बरं झालं असतं, असं लांबच्या प्रवासात पुष्कळांना वाटतं!

विमानाच्या पोटातला कप्पा म्हणजे काळोखी, थंडगार, बिनहवेची कोठडी, असा आपला समज असतो. तो पूर्ण खरा नाही. आजच्या प्रवासी विमानात हवेचा दाब वरच्या केबिनमध्ये जेवढा, साधारण तेवढाच खालच्या कप्प्यात असतो, कारण दोन्ही एकाच बंद नळकांड्याचे भाग आहेत. दाब सारखा नसता तर प्राणी जगलाच नसता. फरक पडतो तो तापमानात आणि हवा खेळण्यात. प्राणी ठेवायचा तर कप्पा त्यासाठी योग्य हवा, आणि खाली जिवंत प्राणी आहे याची लेखी सूचना वैमानिकाला मिळायला हवी.

पूर्वी काही कप्प्यांची रचनाच अशी होती की, आत आग लागली तर हवेअभावी ती आपोआप विझावी. आगीसाठी युक्ती चांगली, पण त्याच कप्प्यात कुत्रा असेल तर? १९९६ साली अमेरिकेत अशाच कप्प्यातल्या आगीनं एक प्रवासी विमान पडलं आणि त्यातली सर्व ११० माणसं गेली. तेव्हा लक्षात आलं की, ती युक्ती आगीसाठीही पुरेशी नव्हती. त्यानंतर तिथं असे कप्पे बदलण्याची सक्ती झाली. २००१ पर्यंत त्यांत धूर ओळखणारी आणि आग विझवणारी यंत्रणा बसवायची होती. ही सुधारणा झाली माणसांच्या मृत्यूमुळे, पण तिचा फायदा प्राण्यांनाही मिळाला.

अमेरिकेत २००५ पासून विमान कंपन्यांना प्राण्यांच्या मृत्यूची माहिती सरकारला कळवावी लागते. २०१७ साली तिथं पाच लाखांच्या वर प्राण्यांनी विमानप्रवास केला आणि २४ मृत्यू नोंदले गेले. आकडा लहान आहे. पण ज्याचा कुत्रा त्या चोवीसांत असतो, त्याला टक्केवारी सांगून काय उपयोग? आणि या आकड्यांतून एक उपयोगी गोष्टही कळली. मे २००५ पासूनच्या पाच वर्षांत मेलेल्या १२२ कुत्र्यांपैकी जवळपास निम्मी चपट्या नाकाच्या जातींची होती. बुलडॉग २५, पग ११. चपटं नाक म्हणजे श्वासाची वाट अरुंद. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. ताण आणि उकाडा वाढला की या जातींना ते जमत नाही. आपल्याकडे २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागं मागं धावणारा पग सगळ्यांनी पाहिला आणि घरोघरी पग आले. त्या जाहिरातीतला पग सगळीकडे बरोबर जात होता. खऱ्या पगला मात्र पुष्कळ विमान कंपन्या खालच्या कप्प्यात घ्यायला नकार देतात. कुत्रा घेताना त्याच्या नाकाचा विचार कोण करतो?

प्रवासाआधी प्राण्याला झोपेचं औषध द्यावं, असा सल्ला शेजारीपाजारी देतात. पशुवैद्यक सहसा त्याच्या विरुद्ध असतात. उंचीवर, ताणाखाली, श्वास आणि रक्तदाब यांवर औषधाचा परिणाम सांगता येत नाही. त्यापेक्षा महिनाभर आधी पिंजरा घरात आणून त्याची सवय करणं बरं.

मग सगळे प्राणी केबिनमध्येच का घेऊ नयेत? इथं त्या अस्वस्थ गृहस्थांची बाजू ऐकली पाहिजे. काही माणसांना मांजराची किंवा कुत्र्याची ॲलर्जी असते, आणि ती नुसती शिंकांवर थांबत नाही. दम्याचा झटका येऊ शकतो. बंद विमानात उठून बाहेर जाता येत नाही. कॅनडात हा वाद तिथल्या वाहतूक लवादापुढं गेला. २०१० नंतरच्या निर्णयांत लवादानं प्राण्याला हाकलून दिलं नाही आणि ॲलर्जीवाल्यालाही वाऱ्यावर सोडलं नाही. आधी कळवलं असेल तर दोघांच्या आसनांत निदान पाच रांगांचं अंतर ठेवा, असं सांगितलं. मला हा निवाडा आपल्या गावच्या जुन्या पंचांसारखा शहाणपणाचा वाटतो.

सवलतीचा गैरफायदाही झाला. अमेरिकेत मानसिक आधारासाठी लागणारा प्राणी केबिनमध्ये विनाशुल्क नेता येत असे. ज्यांना खरी गरज, त्यांच्यासाठी ती सोय होती. पण हळूहळू प्रमाणपत्रं सहज मिळू लागली. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्कच्या विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आल्या! मोराला प्रवेश मिळाला नाही. डिसेंबर २०२० मध्ये नियम बदलला आणि कामासाठी शिकवलेल्या कुत्र्यांपुरतीच ती सक्तीची सवलत उरली. म्हणजे काही हौशी लोकांच्या उत्साहाची किंमत खरोखर खचलेल्या माणसांना मोजावी लागली.

आणि केबिन म्हणजे आपोआप सुरक्षितता, असंही नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका विमानात एका कुटुंबाबरोबर कुत्र्याचं छोटं पिल्लू पिशवीत होतं. पिशवी वाटेत येते म्हणून ती डोक्यावरच्या सामानाच्या खणात ठेवायला लावली गेली. उतरल्यावर खण उघडला, तेव्हा पिल्लू मेलेलं होतं. ते केबिनमध्येच होतं, मालकापासून हातभर अंतरावर. पण खणाचं झाकण बंद झालं आणि ते प्रवाशाचं सामान होऊन गेलं.

ब्रिटनचा नियम आणखी वेगळा आहे. तिथं परदेशातून विमानानं येणारं कुत्रं-मांजर मालवाहतुकीच्या मार्गानंच उतरतं. अंधांची वगैरे मदतनीस कुत्री तेवढी अपवाद. हा नियम निष्ठुर वाटतो, पण त्यामागं रेबीजची भीती आहे. त्या बेटांनी १९२२ पर्यंत रेबीज हद्दपार केला, आणि तो परत येऊ नये म्हणून बाहेरून आलेल्या कुत्र्याला सहा महिने विलगीकरणात ठेवलं जाई. २००० साली लस, रक्ततपासणी आणि कातडीखाली बसवलेली चिप या तिन्हींच्या आधारावर ती कोंडणूक टाळायची सोय झाली. तरी तपासणीआधी प्राणी मालकाबरोबर दाराबाहेर पडू नये, ही खबरदारी राहिली. ज्या देशात अजून रेबीजनं माणसं मरतात, त्या आपल्या देशात या खबरदारीला हसण्याचं कारण नाही.

आपल्याकडे एअर इंडिया पूर्वीपासून लहान कुत्री, मांजरं केबिनमध्ये घेत आली. सप्टेंबर २०२१ मध्ये एका प्रवाशानं आपल्या कुत्र्यासाठी मुंबई ते चेन्नई विमानातला आख्खा बिझनेस क्लास आरक्षित केल्याची बातमी आली होती. आधुनिक काळातली पालखीच म्हणायची! नोव्हेंबर २०२२ पासून अकासा एअरनंही पिशवीसकट सात किलोपर्यंतचे प्राणी केबिनमध्ये घ्यायला सुरुवात केली. पुढं वजनाची मर्यादा वाढत गेली. पण सात काय नि दहा काय, गावठी कुत्रा त्यात बसत नाही. आमचा मोती वीस किलोंचा तरी असेल. त्याला आजही पोटातल्या कप्प्यातूनच जावं लागलं असतं.

म्हणून मला वाटतं, 'केबिन की कप्पा' एवढ्यावरच वाद घालणं अपुरं आहे. लहान प्राणी केबिनमध्ये जरूर यावेत; संख्येची मर्यादा असावी, ॲलर्जी असलेल्या प्रवाशाला आधी विचारण्याची सोय असावी, पिशवी आसनाखालीच, डोळ्यांसमोर राहावी. पण केबिनमध्ये चार-दोन पिशव्यांना जागा दिली, की आपलं कर्तव्य संपलं असं होऊ नये. बहुतेक प्राणी खालूनच जाणार आहेत. त्यांचा पिंजरा उन्हात किती वेळ पडून राहिला, विमान रखडलं तर त्यांना पाणी कोण देणार, एका विमानातून दुसऱ्यात जाताना पावतीवर कुणाची सही, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत. १९५५ ची ती माकडं याच प्रश्नांपाशी मेली.

शेवटी एक अलीकडची गोष्ट. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. आपले हजारो विद्यार्थी तिथं अडकले होते. त्यांतल्या काहींनी सांगितलं, कुत्र्याशिवाय आम्ही निघणार नाही. डोक्यावर बॉम्ब पडताहेत आणि ही मुलं कुत्र्याचे कागद गोळा करताहेत! परदेशातून प्राणी भारतात आणण्याचे नियम कडक आहेत. पण सरकारनं त्या वेळेपुरती सवलत दिली, आणि हवाई दलाच्या विमानांतून मुलांबरोबर त्यांची कुत्री-मांजरंही दिल्लीजवळ हिंडनच्या तळावर उतरली. त्या विमानांत बिझनेस क्लास नव्हता नि पोटातला कप्पाही वेगळा नव्हता. माणसं आणि प्राणी एकाच जागेत बसून आले.

ते फोटो पाहताना महाभारतातलं महाप्रस्थानिक पर्व आठवल्याशिवाय राहिलं नाही. युधिष्ठिराला न्यायला इंद्राचा रथ आला. इंद्र म्हणाला, तू चल, पण कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिरानं सांगितलं, जो माझ्या भरवशावर इथवर आला, त्याला टाकून मी येणार नाही. इंद्रानं नियम सांगितला आणि धर्मराजानं जबाबदारी सांगितली. तो कुत्रा साक्षात धर्म होता, हे त्याला नंतर कळलं. नकार देताना त्याच्या दृष्टीनं तो फक्त एक थकलेला कुत्रा होता.

पुन्हा माहुलीला येऊ. खंड्याला पालखी मिळाली याचं आपल्याला कौतुक वाटतं. पण पालखी आपोआप चालत नाही. ती उचलायला भोई लागतात, आणि भोयांचा पाय घसरला तर आत कोण आहे हे त्यांना ठाऊक असतं. उद्या तुम्ही आपला मोती विमानानं न्याल, तेव्हा त्याला केबिन मिळो की खालचा कप्पा; घर सोडल्यापासून घरी पोचेपर्यंत त्याची पालखी कुणाच्या खांद्यावर आहे, हे प्रत्येक टप्प्यावर विचारून घ्या. उत्तर मिळालं नाही, तर लिंडबर्गनं मांजराचं केलं तसं करा. मोतीला घरी ठेवा.